उंबरात किडे, मग अंजिरात का नाहीत?

फेब्रुवारी लागला की जळगाव-धुळ्याच्या फळगाड्यांवर द्राक्षांच्या शेजारी प्लास्टिकच्या छोट्या डब्या दिसू लागतात. आत ओळीनं मांडलेली जांभळट-तपकिरी, देठाकडे निमुळती फळं. ही ताजी अंजिरं बहुतेक पुण्याजवळच्या पुरंदर तालुक्यातून आलेली असतात. सुकं अंजीर आपल्याकडे घरोघरी ओळखीचं आहे. रात्री भिजत घालून सकाळी पोट साफ होण्यासाठी खायचं, म्हणून डब्यात असतंच. ताजं अंजीर पाहिल्यावर मात्र माणसाला आधी उंबर आठवतं आणि पाठोपाठ प्रश्न येतो: यातही किडे असतात का हो?

प्रश्न रास्त आहे. दोन्ही फळांचा घाट एकच, आतला लालसर गर आणि बारीक बियाही सारख्याच. त्यात मोबाइलवर अधूनमधून एक निरोप फिरतो, की अंजीर हे शाकाहारी फळच नाही, प्रत्येक अंजिरात एक मेलेली माशी असते. हा निरोप जगातल्या काही अंजिरांच्या बाबतीत अर्धा खरा आहे. आपल्या गाडीवरच्या अंजिराच्या बाबतीत तो खरा नाही. असं का, हे कळायला आधी हे फळ घडतं कसं ते पाहावं लागेल. ते एकदा समजलं की अंजीर महाग का, ते टिकत का नाही, ते कसं निवडायचं, ही सगळी कोडी आपोआप सुटत जातात.

तुती, फणस, वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर ही सगळी एकाच कुळातली झाडं. वनस्पतिशास्त्रात या कुळाला मोरेसी म्हणतात. या कुळात अनेक फुलं मिळून एक फळ तयार होतं. तुती हातात घेतली तर दिसतं, की मधल्या दांडीवर बाहेरच्या अंगानं बारीक रसाळ मणी चिकटलेले आहेत. तो प्रत्येक मणी एका वेगळ्या फुलाचा. फणसाचं तंत्रही हेच, फक्त तिथं एकेका फुलाचा एकेक गरा होतो. अंजिरात हीच रचना उशीचा अभ्रा आतून बाहेर करावा तशी उलटी झालेली आहे. दांडी बाहेर राहून पिशवी बनली आणि फुलं आत गेली. देठाच्या विरुद्ध टोकाला जे बारीक भोक दिसतं, ज्याला अंजिराचा डोळा म्हणतात, तेवढंच या पिशवीचं तोंड. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत या रचनेला कुंभासनी पुष्पबंध असं नाव आहे.

म्हणजे अंजीर उभं चिरल्यावर जो गुलाबी-लाल गर दिसतो, ती शेकडो फुलं असतात, एकमेकांना खेटून, सगळी आत तोंड करून. दाताखाली कुरकुरणाऱ्या बियांपैकी प्रत्येक बी हे खरं तर एक स्वतंत्र, इवलंसं फळ आहे. आपल्याकडच्या सीताफळालाही बाहेरून डोळे असतात, पण त्याचा प्रकार वेगळा. अख्खं सीताफळ एकाच फुलापासून होतं. त्या एका फुलात अनेक बीजकोष असतात आणि तेच वाढून एकत्र जुळतात.

बऱ्याच दिवसांनी दिसलेल्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल झालास की’ म्हणतो. उंबराचं फूल कोणालाच दिसत नाही, ते यामुळेच. फुलं असतात, पण फळाच्या आत. एक कोवळं, हिरवं उंबर ब्लेडनं कापून भिंगाखाली धरा, शेकडो फुलं दिसतील. घरी शाळकरी मूल असेल तर हा प्रयोग जरूर करा. पुस्तकातली आकृती आणि हातातलं फळ यांची अशी गाठ फार क्वचित पडते.

आता खरी अडचण. फुलं बंद पिशवीत असतील तर परागकण एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाणार कसे? वारा आत शिरत नाही, मधमाशी त्या भोकात मावत नाही. हे काम करायला उंबराच्या जातकुळीत एक वेगळीच गांधीलमाशी आहे. नाव गांधीलमाशी असलं तरी आकार एक-दोन मिलिमीटर, डंखाचं भय नाही. वड, पिंपळ, उंबर या वर्गात जगभरात साडेसातशेहून जास्त जाती आहेत आणि बहुतेक प्रत्येक जातीची आपापली माशी ठरलेली आहे. वडाची माशी उंबराच्या कामाची नाही आणि उंबराची माशी पिंपळाच्या.

उंबरात काय घडतं ते सावकाश पाहू, कारण सगळा उलगडा इथं आहे. आतली मादी-फुलं तयार झाली की कोवळ्या उंबराला विशिष्ट वास सुटतो. अंगावर परागकण घेतलेली माशीची मादी त्या वासावर येते आणि डोळ्यातून आत घुसते. वाट इतकी चिंचोळी असते, की घुसताना तिचे पंख तुटतात. आता तिला परतीची वाट नसते. ती आत फिरून फुलांवर पराग टाकते, काही फुलांच्या बीजकोषात अंडी घालते आणि तिथंच मरते. ज्या फुलांत अंडी पडली त्यांत अळ्या वाढतात, बाकीच्यांत बिया. काही आठवड्यांनी आधी नर आपापल्या फुलांतून बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात, जन्म आणि मरण दोन्ही त्याच उंबरात. माद्यांशी मीलन झालं की ते उंबराची भिंत कुरतडून बोगदा पाडतात. तोवर आतली नर-फुलं पिकलेली असतात. नव्या माद्या त्यांचे पराग अंगावर घेतात, बोगद्यातून उडून जातात आणि दुसरं कोवळं उंबर शोधतात. त्यांचं आयुष्य जेमतेम दिवसा-दोन दिवसांचं.

हे सगळं आटोपल्यावर उंबर लाल होतं, मऊ होतं, गोड होतं. आपण ते फोडतो तेव्हा आत मेलेले नर, मागे राहिलेल्या माश्या, त्या बोगद्यातून शिरलेल्या मुंग्या आणि इतर कीटक असं सगळं सापडतं. ‘उंबर फोडून केंबरं काढू नयेत’ ही म्हण याच अनुभवातून आली. पण ही केंबरं म्हणजे सडकेपणा नव्हे. त्यांच्यावाचून उंबराला बी धरणार नाही, नवं झाड उगवणार नाही. माश्यांचा वंश चालायला सतत कुठंतरी कोवळी उंबरं हवीत, म्हणून ही झाडं सगळी एकाच हंगामात फळत नाहीत. एक आज तर दुसरं महिन्याभरानं. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-चोपड्याच्या नाल्यांकाठी भर उन्हाळ्यात बाकी रान वाळलेलं असताना खोडाला लगडलेली उंबरं हरियालांना, वटवाघळांना, माकडांना जगवतात. हरियाल हा आपला राज्यपक्षी. त्याच्या पोटाची बरीचशी सोय ही केंबरंच करतात. उंबराखाली दत्ताच्या पादुका असतात तिथं हात जोडताना ही गोष्टही मनात असावी असं मला फार वाटतं.

आता अंजीर. ते मूळचं पश्चिम आशियातलं आणि भूमध्य समुद्राकाठचं. उंबराच्या प्रत्येक फळात बी आणि माशी दोन्ही वाढतात. अंजिरात मात्र कामाची वाटणी झाडांमध्येच झालेली आहे. एका प्रकारच्या झाडाच्या फळात माश्या वाढतात. ते फळ कोरडं, बेचव असतं, ते सहसा कोणी खात नाही. दुसऱ्या प्रकारच्या झाडाच्या फळातल्या फुलांची नळी इतकी लांब असते, की माशीला तिथं अंडी घालताच येत नाहीत. आपण खातो ते हे दुसरं फळ. त्यामुळे खाण्याच्या अंजिरात उंबरासारखी माश्यांची पैदास कधीच होत नाही, अगदी परदेशी जातीतही नाही.

मग तो मोबाइलवरचा निरोप आला कुठून? स्मिर्ना गटातल्या जातींवरून. तुर्कस्तानात आयदिन भागात होणारं प्रसिद्ध सुकं अंजीर याच गटातलं. या जातीत परागीकरण झालं नाही तर फळ हिरवं असतानाच गळून पडतं. म्हणून तिथले शेतकरी माश्या असलेली रानटी अंजिरं बागेत टांगून ठेवतात. माशी चुकून खाण्याच्या अंजिरात शिरते, पराग देते आणि आत मरते. तिची अंडी वाया जातात, फळ मात्र धरतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांनी ही जात नेली तेव्हा झाडं वाढली, पण फळं टिकेनात. शेवटी माशीही परदेशातून आणावी लागली आणि १८९९ साली फ्रेस्नो इथं हा मेळ जमला.

आपल्या महाराष्ट्रातली अंजिरं या भानगडीतच नाहीत. पुरंदरचं पुणेरी अंजीर, मराठवाड्यातलं दौलताबादचं अंजीर, त्यातून निवडलेली दिनकर ही जात, सगळी सामान्य अंजीर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटातली. या गटाला परागीकरणाशिवायच फळ धरतं. माशी लागत नाही, रानटी अंजिराचं झाड लागत नाही. शेजारी उंबर असलं तरी उंबराची माशी अंजिराकडे वळत नाही. म्हणून गाडीवरचं पुरंदरचं अंजीर फोडल्यावर आत फक्त फुलं असतात. त्यातल्या बियाही पोकळ, आत अंकुर नसतो. अतिपिकलेल्या, फुटलेल्या फळात मुंगी किंवा एखादी अळी मिळू शकते, पण तेवढं तर पेरू-बोरातही होतं. फळ उघडून पाहून खावं, बस्स.

बिनपरागाचं अंजीर फार जुनं आहे. जॉर्डन नदीच्या खोऱ्यात गिल्गाल नावाच्या जागी सापडलेली जळकी अंजिरं ११ हजार वर्षांहून जुनी आहेत आणि ती याच प्रकारची असावीत असं २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात संशोधकांनी मांडलं. बीच पोकळ असेल तर असं झाड काडी लावूनच वाढवावं लागतं. त्यावरून त्या संशोधकांचं म्हणणं असं, की गहू-जवाची शेती रुळण्याआधीच माणूस अंजिराच्या काड्या लावत असावा. हा तर्क सगळ्यांना मान्य नाही, मला मात्र तो मोठा सुंदर वाटतो.

जैन घरांत अंजीर टाळतात ते वेगळ्या कारणानं. पाच उदुंबर फळांत जीव असतात म्हणून ती वर्ज्य मानली जातात. वड, पिंपळ, उंबर, पाखर आणि कठूमर ही ती पाच, आणि अंजीरही त्याच वर्गातलं म्हणून अनेक जण सोडतात. वडा-उंबराच्या बाबतीत या नियमामागचं निरीक्षण किती अचूक आहे ते वर आलंच आहे. अंजिराचं काय करायचं हे ज्याच्या त्याच्या व्रतानं ठरवावं. माहिती मात्र नीट असावी.

आपल्याकडच्या आणखी एका फळाशी अंजिराची गल्लत होते. ओढ्याकाठी काळा उंबर किंवा बोखेडा नावाचं झाड असतं. त्याची पानं खरखरीत, लव असलेली आणि समोरासमोर जोडीनं येतात. उंबराची आणि अंजिराची पानं एकाआड एक येतात. अंजिराचं पान तर हाताच्या पंजासारखं फाटलेलं, म्हणजे ओळख चुकायला नको. बोखेड्याचं फळ दिसायला अंजिरासारखं असतं, पण खाण्यात मजा नाही.

आता टिकण्याचं. खान्देशातल्या माणसाला हे केळीवरून चटकन कळेल. रावेर-यावलची केळी आपण हिरवी कापतो, गाडीत भरतो आणि ती शेकडो किलोमीटर दूर जाऊन पिकतात. केळीत पिठूळ साठा असतो, तो कापल्यानंतर साखरेत बदलतो. अंजिरात असा साठा नसतोच म्हटलं तरी चालेल. फळ बरेच दिवस झाडावर घट्ट, हिरवं राहतं आणि शेवटच्या थोड्या दिवसांत एकदम फुगतं. त्या दिवसांत पानांकडून बहुतांश साखर फळात उतरते. त्याआधी तोडलं तर पुढे ते थोडं मऊ होईल, पण गोड होणार नाही. म्हणजे अंजीर झाडावर पिकल्यावरच तोडावं लागतं. आणि पिकलेल्या अंजिराची साल पातळ, गर पाणीदार, शिवाय तळाला डोळा उघडा. त्यातून यीस्ट आत जातं आणि फळ आंबू लागतं. उन्हात ते दिवसभरही राहत नाही. पुरंदरमधल्या सासवडहून जळगावला यायचं म्हणजे ४०० किलोमीटरच्या आसपास अंतर. हातानं तोडणी, एका थरात भरणी, रात्रीचा प्रवास आणि वाटेत खराब होणारा माल, हे सगळं त्या छोट्या डबीच्या भावात असतं. त्यामुळे भाव ऐकून गाडीवाल्यावर चिडू नये.

हंगामही ध्यानात ठेवावा. अंजिराचे दोन बहर, खट्टा आणि मिठा. नावातच चव आली. पावसाळी दमटपणात वाढलेलं खट्टा बहराचं फळ पाणचट आणि आंबटसर लागतं, तर कोरड्या हवेत तयार झालेलं मिठा बहराचं फळ गोड. मार्च-एप्रिलमध्ये मिळतं ते मिठा बहराचं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

निवडताना रंगापेक्षा बोटावर भरवसा ठेवा. हलकेच दाबलं तर दबलं पाहिजे, पण बोट रुतता कामा नये. मान थोडी वाकलेली, सालीवर बारीक उभ्या भेगा, हे दोष नाहीत, ही पिकल्याची खूण आहे. अगदी गुळगुळीत, ताठ, सुबक फळ बहुधा आधीच तोडलेलं असतं. देठाला पांढरा चीक दिसला तर कच्चं समजावं. डोळ्याजवळ मधासारखा थेंब असेल तर आजच खावं. आंबूस, दारूसारखा वास आला तर परत ठेवावं. घरी आणल्यावर धुऊ नका, एकमेकांवर रचू नका. ताटलीत एका थरात मांडून फ्रिजमध्ये ठेवलं तर दोन-तीन दिवस छान राहतं. खाण्याच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, थंडगार अंजिराचा वास मुका होतो.

सुरी नको. देठ धरून हातानंच दोन फाका करायच्या आणि सालीसकट खायचं. साल सोलणारे माझ्या मते निम्मी चव टाकून देतात. सालीत किंचित तुरटपणा असतो आणि त्यानंच गराची गोडी उठून दिसते. सुक्या अंजिराची चव गुळचट, दाट. ताज्याची हलकी, फुलासारखी. सुकं भिजवून ताजं होत नाही, ते दोन वेगळे पदार्थच समजावेत. सुक्याच्या काही जातींत बी अधिक खमंग लागते, कारण ती परागीकरण झालेली, भरलेली बी असते. गरम दादर ज्वारीची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा आणि बाजूला दोन अंजिरं, ही न्याहारी एकदा करून पाहाच. बरोबर खारे शेंगदाणे असतील तर आणखी बरं. तव्यावर तुपात अर्धी अंजिरं पालथी घालून मिनिटभर परतली तर श्रीखंडाबरोबर झकास लागतात. खट्टा बहराची पाणचट फळं मिळाली तर त्यांचा मुरंबा करावा.

दुधात घालताना थोडी सावधगिरी. अंजिराच्या चिकात फिसिन नावाचं द्रव्य असतं, ते प्रथिनं तोडतं. शहादा-तळोद्याच्या पपईच्या चिकातलं पपेन हेच काम करतं, म्हणून पपईचं मिल्कशेक ठेवलं की कडवट होतं. ताज्या अंजिराचंही तसंच, करून लगेच प्यावं. शिजवलं की फिसिनचा जोर संपतो. भूमध्य समुद्राकाठी तर हाच चीक वापरून पूर्वापार दूध फाडून चीज करत आले आहेत. कच्चं अंजीर खाल्लं तर जीभ आणि ओठ चुरचुरतात, तेही याच चिकामुळे. तोच चीक हाताला लागून वर ऊन पडलं तर फोड येऊ शकतात, तेव्हा झाडावरून तोडताना पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा आणि हात लगेच धुवावेत.

मधुमेह असणाऱ्यांनी ताजं आणि सुकं यांत फरक करावा. १०० ग्रॅम ताज्या अंजिरात साधारण १६ ग्रॅम साखर आणि ३ ग्रॅम तंतू असतात, उरलेलं बरंचसं पाणी. तेवढ्याच सुक्या अंजिरात साखर ४८ ग्रॅमच्या आसपास जाते, तंतूही १० ग्रॅमच्या घरात. म्हणून मूठभर सुकं अंजीर ‘औषध’ म्हणून रोज खाणं प्रत्येकाला मानवेलच असं नाही. किती खावं ते आपल्या डॉक्टरांना विचारावं.

आणि ज्यांच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे त्यांनी एक झाड लावावं, असं मी आग्रहानं सांगेन. आपल्या कोरड्या हवेत ते जमतं. सामान्य गटातली जात असल्यानं एकट्या झाडालाही फळं धरतात, जोडीला दुसरं लागत नाही. रोप काडीपासून होतं. मात्र तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत पाणी साचतं, ते मुळांना चालत नाही. तिथं खड्ड्यात मुरूम, वाळू आणि शेणखत मिसळून उंचवट्यावर लावावं. पावसाळ्यात पानांच्या मागे तांबेऱ्याचे ठिपके दिसले तर ती पानं काढून जाळावीत. फळं नव्या फुटीवर येतात, म्हणून दरवर्षी छाटणी हवी. खान्देशच्या मे महिन्यातल्या झळांनी फळ अवेळी पिकून साल चिवट होते, तेव्हा पहिल्या काही वर्षांत तरी झाडाला दुपारची थोडी सावली मिळेल अशी जागा निवडा. फळ मऊ पडू लागलं की जाळी टाका, कारण पिकलेलं अंजीर बुलबुलांना आपल्या आधी कळतं.